ब्रेकचं तेल

मुकुटबन,
ता. ४ मार्च १९६२

देवराव भाऊजींस,
रुखमाबाईचा जयभीम. प्रभावती आणि लेकरं सुखात असतील असं धरून चालते. इकडे सासूबाई ठीक आहेत.

त्या दिवशी सकाळी मी आधी कोंबड्या सोडल्या. मग अंगण झाडून सडा टाकला. ओसरीत तुरीच्या शेंगा पसरल्या होत्या, त्या उलथवून ठेवल्या. सासूबाईंच्या टाचा फुटल्या होत्या, त्यांना पाय बुडवायला कढत पाणी दिलं. भाकरी थापल्या, जवसाची चटणी कुटली, शिदोरी बांधली. शनिवार होता म्हणून जीपचं पाहिलं. रेडिएटरमध्ये पाणी, इंजिनात ऑइल, पायाखालचा पत्रा उचलून ब्रेकची टाकी. तुमचे दादा गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते. म्हणाले, "झालं काय सगळं?" मी म्हटलं, "झालं." आमचं शेवटचं बोलणं तेवढंच.

चार वर्षं झाली. ती सकाळ मी रोज एकदा पहिल्यापासून करते. कोंबड्या सोडते, सडा टाकते. एखाद्या ठिकाणी काही वेगळं होईल असं वाटतं. होत नाही.

असो. पत्राचं कारण जीप. केळापूरच्या अलीकडच्या नाल्यातून बैल जुंपून ती ओढत आणली, तेव्हापासून परसात निंबाखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ती मी आता दुरुस्त करते आहे. हसायचं तर हसून घ्या. सासूबाईही हसल्या.

कारण सांगते. धनसिंग ड्रायव्हर तुम्हाला आठवेल, तांड्यावरचा, लाकडाचा ट्रक चालवतो तो. त्याची सून लालीबाई माघात अडली. बैलगाडीतून पांढरकवड्याला निघाले आणि निम्म्या वाटेत ती मोकळी झाली. लालीबाई वाचली, मूल वाचलं नाही. तुमचे दादा होते तेव्हा अशी माणसं आपल्या जीपमधून जात. रस्ता असो नसो, जीप जायची. लालीबाईला पाहून आले आणि त्या दिवसापासून मला घरात बसवेना. भाकरी करता करता उठते आणि परसात जाऊन उभी राहते. शेवटी कोंबड्या हाकलल्या आणि बॉनेट उघडलं.

मला वाचता येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. जिनिंगच्या पोत्यांवरची अक्षरं पाहून सुरुवात केली, पुढचं दादांनी शिकवलं. त्यांचं मोटार-दुरुस्तीचं पुस्तक माझ्याजवळ आहे. वरचं पान गेलेलं आहे, म्हणून नाव कळत नाही. दोन वर्षं लागली, पण सगळं वाचलं. जिथं समजलं नाही तिथं जीपजवळ नेऊन चित्र जुळवून पाहिलं.

तुम्हाला दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ब्रेकच्या टाकीतलं रबर किती दिवस टिकतं? दिवाळीत नवं घातलेलं रबर पौषापर्यंत फुगून जाईल काय? फुगतं ते कशानं? मला पुस्तक बरोबर समजलं की नाही, एवढंच पाहायचं आहे.

चांद्याला तुमच्या गॅरेजात ब्रेकचा रबरी सेट मिळत असेल तर पाठवा. तुम्ही उत्तर लिहिणार नाही हे धरूनच लिहिते आहे. या घरातून तुम्हाला ज्या तऱ्हेनं काढलं, त्यानंतर मी तरी लिहिलं नसतं.

रुखमाबाई

*

मुकुटबन,
ता. १ एप्रिल १९६२

देवराव भाऊजींस जयभीम.

पार्सल मिळालं. चारही चाकांची रबरं आहेत, टाकीचं आहे, ब्रेकच्या तेलाचा एक डबाही आहे. पत्र नव्हतं. डब्याला चिठ्ठी बांधलेली होती, "दुसरं तेल घालू नये." अक्षर तुमचंच. ती चिठ्ठी मी पुस्तकात ठेवली आहे.

कामाची हकीकत सांगते. इंजिन निघत नव्हतं. धनसिंग एक दिवस आला तो ते विकत मागायला, पाण्याच्या पंपाला लावायचं म्हणून. परसात उभा राहून म्हणाला, "बाई, हे गाडी नोहे. कोंबड्यायचा वाडा आहे."

मी म्हटलं, "मग कोंबड्या घेऊन जा. गाडी राहू दे."

"अन् चालवन कोन? उकंडा तं गेला."

"मी चालवीन. त्याईनं मले वावरात शिकवली आहे."

तो जीपभोवती एक चक्कर मारून आला. टायरला लाथ मारली. मग विचारलं, "कायले एवढा कुटाणा?"

मी लालीबाईचं नाव घेतलं. तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी ट्रकची साखळी घेऊन आला, निंबाच्या फांदीला लावली आणि इंजिन वर उचलून दिलं. "बाई, मिलिटरीनं हे टाकून देल्लं होतं," म्हणाला, "त्याईले काई अक्कल असन का नाई?" आता दर बाजाराच्या दिवशी येतो आणि माझ्या कामाला नावं ठेवतो. नावं ठेवून झाली की पान्हा हातात घेतो.

इंजिनाच्या रिंगा बदलल्या. रेडिएटरला सात भोकं होती, ती कल्हईवाल्यानं डाग देऊन बुजवली. सहा व्होल्टच्या बॅटरीवर दिवे मिणमिणत, म्हणून बारा व्होल्टची घातली. धनसिंगनं ट्रकचा जुना डायनमो दिला. त्यासाठी इंजिनावर लोखंडी पट्टी ठोकून बसवावी लागली. मागची सीट काढली आणि फळी लांबवून घेतली. आता खाट आडवी न करता सरळ आत जाते, आणि एक माणूस उशाशी बसू शकतं. टप ताडपत्रीचा, मीच शिवला. सुई दोनदा मोडली.

सासूबाईंना मोतीबिंदूनं जवळजवळ दिसेनासं झालं आहे. तरी ओसरीत बसून प्रत्येक आवाजाचा हिशेब ठेवतात. "आता काय ठोकून राह्यली? आता काय पडलं?" तुमचं नाव अजून घेत नाहीत. तुमचं पार्सल आलं तेव्हा म्हणाल्या, "चांद्याहून आलं काय?" मी हो म्हटलं. बराच वेळ त्या खोक्याच्या दोरीवरून बोटं फिरवत बसल्या. गाठ तुमची आहे हे त्यांना कळलं असावं. तुम्ही लहानपणापासून तशीच गाठ मारता, त्याच सांगत असत.

परवा ब्रेकची टाकी खोलली. आतला दांडा निघेना. खिळा घालून, ठोकून काढला. रबर फुगून आतच अडकलं होतं. बोट लावलं तर बोटाला चिकटलं. त्याच्यावर पिवळी साय होती, घट्ट. जुन्या तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी धरते तशी.

मी तो दांडा फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "काय सापडलं वं?"

मी म्हटलं, "काही नाही."

इकडे ऊन फार आहे. लेकरांना आशीर्वाद.

रुखमाबाई

*

मुकुटबन,
ता. १५ एप्रिल १९६२

देवराव भाऊजी,

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि चुलीत घातलं. आता जसं येईल तसं लिहिते. मधे थांबले तर हेही चुलीत जाईल.

दादांच्या जीपच्या ब्रेकमध्ये जवसाचं तेल होतं. ते मी घातलं.

तुम्ही दिवाळीत नवी रबरं घालून दिलीत आणि तेलाचा डबा दिलात. मागच्या एका चाकातून तेल थोडं झिरपायचं, म्हणून टाकीत दर आठवड्याला जरा जरा घालावं लागेल, असं तुम्हीच सांगून गेला होतात. डिसेंबरात फळी पुसताना माझ्या कोपराचा धक्का लागला आणि डबा उपडा झाला. सगळं तेल मातीत गेलं. हे तेल नागपूरशिवाय मिळत नाही, हे मला माहीत होतं. दादा रागावले नसते. पण "एवढंसं सांभाळता येत नाही" असं म्हणाले असते, आणि ते मला त्या दिवशी ऐकायचं नव्हतं. बस, एवढ्याशा गोष्टीसाठी.

लढाईतल्या बर्माच्या गोष्टी ते सांगत ना, की डबा संपला तेव्हा एरंडेल घालून त्यांनी ट्रक कसे चालवले. ते मी शंभर वेळा ऐकलं होतं. ब्रेकचं तेल म्हणजे एरंडेलच, नुसतं त्यात स्पिरिट घातलेलं, असं ते म्हणायचे. घरात एरंडेल नव्हतं, सासूबाईंच्या टाचांना लावून संपलं होतं. जवसाचं होतं. आपल्याकडं कोणाच्या घरी नसतं? रंग सारखा, धार सारखी. मला वाटलं, बियांचं तेल ते बियांचं तेल, त्याला काय. डबा भरून जागेवर ठेवला. चार-पाच शनिवार त्यातूनच घातलं. शेवटचं त्या सकाळी घातलं. पहिल्या पत्रात मी जे "झालं" लिहिलं, त्यात तेही होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. उतारावर त्यांनी पाय दाबला, एकाच बाजूच्या चाकानं धरलं, जीप फिरली आणि नाल्यात उलटली. पांढरकवड्याच्या मिस्त्रीनं चाक खोलून सांगितलं की रबर फुगलं आहे, माल नकली. दादांच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे जमले होते. सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि तुमच्याकडे बोट करून म्हणाल्या, "यानंच मारलं माह्या लेकाले. सडकं रबर घातलं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खाली पाहिलं.

तेव्हा मला पक्कं ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण पोटात एक गोळा आला होता, हेही तितकंच खरं. त्या गोळ्याला मी नाव दिलं नाही. डबा उचलून नाल्यात फेकून आले. माझा दोष नसता तर मी तो फेकला असता काय?

मग पुस्तक. माझं वाचन सावकाश, म्हणून ब्रेकच्या प्रकरणापर्यंत पोचायला गेली दिवाळी उजाडली. त्यात एका ओळीत लिहिलं आहे: "ब्रेकच्या टाकीत दुसरे कोणतेही तेल घातल्यास रबर फुगून ब्रेक आवळतात." मी ती ओळ बोटानं तीनदा वाचली. मग पुस्तक मिटलं आणि गोठ्यात जाऊन बसले.

दिवाळी ते मार्च मी गप्प होते. मार्चात तुम्हाला पत्र लिहिलं, तेही सरळ नाही. रबर किती टिकतं, कशानं फुगतं, असं विचारत बसले. तुम्ही म्हणावं की नाही, तेलानं काही होत नाही, अशी आशा होती. तुम्ही डबा पाठवलात आणि चिठ्ठी बांधलीत.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. आता सासूबाईंना सांगायचं आहे, आणि त्यांच्यासमोर माझी जीभ हलत नाही. या घरात आम्ही दोघीच. त्या माझ्या हातचं जेवतात, माझ्या खांद्यावर हात ठेवून चालतात. सांगितल्यावर तो हात राहणार नाही. आणि नाही सांगितलं तर तुम्हाला या घराचं दार कधी उघडणार नाही. त्यांचं आता आयुष्य किती उरलं आहे, ते तुम्हीही जाणता.

एका कार्डावर लिहून कळवा, काय करू.

रुखमा

*

मुकुटबन,
ता. ६ मे १९६२, रविवार

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. चार वर्षांत पहिल्यांदा तुमचं अक्षर एवढं सलग पाहिलं. "वहिनी, मिस्त्रीनं चाक खोललं तेव्हा मी तिथंच होतो, तेव्हाच जवसाचा वास आला होता. घरातून कोणी घातलं ते समजलं. आईला सांगू नका. तिला तुमच्याशिवाय कोणी नाही. मी इथं बरा आहे, मला सवय झाली आहे."

वाचून मी रडायला हवं होतं. मला राग आला. तुम्हाला माहीत होतं! चार वर्षं तुम्ही चांद्याला बसून माझा दोष वागवलात आणि मला विचारलंही नाहीत. तुम्ही त्याच वेळी म्हणाला असतात, "वहिनी, तेल कोणतं घातलं होतं?" तर मी तिथंच मोकळी झाले असते. तुम्ही मला वाचवलं असं तुम्हाला वाटतं. तुम्ही मला त्या गोळ्यासकट एकटीला सोडलंत. तुम्ही चांगले आहात म्हणून हे लिहू नये असं होत नाही. आणि सवय झाली म्हणता, तर प्रभावतीला झाली काय? आजीच्या मांडीवर न बसलेल्या तुमच्या लेकरांना झाली काय?

तुमचं ऐकलं नाही. काय झालं ते लिहिते.

ब्रेकची सगळी रबरं बसवून झाली. त्यानंतर आतली हवा काढायची असते. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाखाली. धनसिंग ट्रक घेऊन गडचांदूरकडे गेला होता. मला थांबवेना. सासूबाई म्हणाल्या, "मी बसतो. डोये गेले, पाय नाई गेले." हात धरून त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. त्यांनी चप्पल काढून ठेवली, देवळात जाताना काढावी तशी. मग पुटपुटल्या, "उकंडा इथंच बसे." अनवाणी पाय पेडलवर ठेवला.

मी चाकाखाली आडवी झाले. नळीचं एक टोक नटाला, दुसरं बाटलीतल्या तेलात. मी म्हणायची, "दाबा." त्या दाबायच्या. मी नट सैल करायची, बाटलीत बुडबुडे यायचे. नट आवळून मी म्हणायची, "सोडा." आधी लांबची चाकं, मग जवळची. तीन चाकं झाली. त्यांना मजा वाटू लागली होती. "काहून वं, दम लागला काय तुले? मी तं पांढरकवड्यापर्यंत दाबीन," म्हणाल्या.

चौथं चाक त्यांच्या पायाखालचं. "दाबा" म्हटलं. त्यांनी दाबलं. नट सैल केला. बुडबुडे आले नाहीत, नुसतं स्वच्छ तेल आलं. नट आवळला, आणि मग "सोडा" म्हणायच्या ऐवजी मी सगळं सांगितलं. पत्र्याखाली तोंड करून सांगितलं. डबा उपडा झाला तिथपासून, मी खाली पाहिलं तिथपर्यंत. तुम्हाला माहीत होतं, तेही सांगितलं.

 मला पेडलच्या खालची दांडी दिसत होती. ती थरथरत होती, पण वर येत नव्हती. त्यांनी पाय काढला नव्हता.

 मग त्यांनी विचारलं, "सोडू काय?"

मी म्हटलं, "सोडा."

त्या तशाच बसून राहिल्या. म्हणाल्या, "चार वर्सं माह्या हाताले धरून चालवलं तू मले. अन् हे पोटात ठेवून."

"हो."

"तुह्या हातानं तेल पडलं. पन पोराले तं म्या हाकललं. सगळ्या लोकाईसमोर." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "तो तवा काई बोलला नाई. म्या समजली, चोर आहे म्हनून चुप आहे."

मी बाहेर आले, हात पुढं केला. त्यांनी घेतला नाही. स्टिअरिंग धरून, मग दार चाचपत, मग भिंत चाचपत त्या एकट्या घरात गेल्या. काल त्या जेवल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी एकदाच ओसरीतून म्हणाल्या, आणि ते मला नव्हतं, तुम्हाला होतं, म्हणून जसंच्या तसं लिहिते: "त्याले लिहून दे. म्हनाव, मले दिसत नाई आता, पन तो अंगनात आला तं पायाच्या वाजेवरून वयखीन."

हे कालचं, शनिवारचं. ब्रेक चांगले धरतात. वावरात चार फेऱ्या मारून पाहिलं. चारही चाकं एकदम थांबतात.

तुम्ही यावं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी लिहिलं म्हणून यावं किंवा मी आहे म्हणून येऊ नये, असं करू नका. सासूबाई मला या घरात ठेवतील की नाही, मला माहीत नाही. त्यांनी नाही म्हटलं तर मी परसातल्या खोपटात राहीन, पण त्यांना एकटं ठेवणार नाही. जीपही कुठं जात नाही. लालीबाईला सांगून आले आहे की या पावसाळ्यात कोणी अडली तर हाक मारायची.

आज सकाळी विहारात गेले. विहार म्हणजे अजून चार खांब आणि टिनाचं छप्पर. जिथं सासूबाईंनी तुमच्याकडे बोट केलं होतं, तीच जागा. वंदना झाली, लोक उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, "बसा, मले बोलायचं आहे." मग उभी राहून सांगितलं की जीपच्या ब्रेकमध्ये जवसाचं तेल मी घातलं होतं, देवरावांचं रबर चांगलं होतं, माझा मालक माझ्या हातून गेला. पुढं बसलेले बबनराव म्हणाले, "बाई, झालं गेलं, राहू द्या आता." मी म्हटलं, "राहू नाही देत," आणि ज्यांना मागं ऐकू गेलं नव्हतं त्यांच्यासाठी सगळं पुन्हा एकदा सांगितलं. मग घरी येऊन चूल पेटवली आणि दोघींच्या भाकरी केल्या.

तुमची वहिनी,
रुखमा